चैत्रगौरीपुढची पाकिटं

बार्शीच्या एसटी स्टँडवर मला निरोप द्यायला बाबा उशिरा आले, आणि आले ते हातांना लागलेली खळ तशीच घेऊन. नगरपालिकेची निवडणूक तोंडावर होती आणि पहाटेपासून ते भिंतींवर पत्रकं चिकटवत होते. आई चिडली. “पोरगी विलायतेला चाललीय आणि बापाला भिंती दिसतायत,” असं ती कंडक्टरला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली. बाबांनी हात रुमालाला पुसले, पण खळ नीट निघाली नाही. डोक्यावर हात ठेवताना थोडी खळ माझ्या केसांत राहिली. तिचा वाळलेला पापुद्रा मी दुसऱ्या दिवशी हीथ्रोच्या बाथरूममध्ये नखाने काढला.

गाडी हलताना बाबा खिडकीशी आले. “न वाचता कशावर सही करू नकोस. आपल्या माणसाने कागद पुढे केला तरी नाही.” आई त्यांना कोपराने बाजूला सारत म्हणाली, “आणि ज्यांच्या घरी उतरशील त्यांच्याशी भांडू नकोस. निदान पहिला महिना तरी.” बाबांचं म्हणणं मी आजवर पाळलं. आईचं पाच महिने पाळलं. त्या पाच महिन्यांनंतर काय झालं ते बार्शीत राहिलेल्यांना अर्धवट माहीत आहे, आणि माझ्यासारखे निघून आलेले मला लंडनमधल्या ईलिंगच्या बाजारात भेटले की दुसरंच काहीतरी विचारतात. म्हणून एकदा नीट लिहिते.

मी पत्रकांवर वाढले. आई शाळेत शिकवायची, बाबा कोर्टात कारकून होते, आणि संध्याकाळी आमच्या पुढच्या खोलीत सायक्लोस्टाइलचं यंत्र खडखडत असे. बाराखडी मी पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर गिरवली. एका बाजूला माझा ‘ग’, दुसऱ्या बाजूला गिरणी कामगारांच्या मागण्या. घड्या घालायचं काम माझं होतं. बाबा सांगायचे, पत्रकाचं पहिलं वाक्य असं हवं की रस्त्याने जाणाऱ्याचा पाय थांबला पाहिजे. आमच्याकडे रागावलेला माणूस आदळआपट करत नसे, तो कागद मागायचा.

इंग्लंडात मी अरविंदकाकांच्या घरी उतरले. त्या टाऊनचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. तिथली माणसं अजून तिथेच राहतात. काका माझे कुणी सख्खे नव्हेत. बाबांच्या एका मित्राच्या ओळखीतले. तीस वर्षांपूर्वी ते बस कंडक्टर म्हणून आले, पुढे डेपोत सुपरवायझर झाले, रिटायर झाले. पुण्या-मुंबई-नागपूरहून वर्क परमिटवर येणारी आमच्यासारखी सॉफ्टवेअरवाली पोरं आधी त्यांच्या दारात बॅगा टेकवायची. डॉक्टरकडे नाव घालणं, बँकेत खातं उघडणं, खोली शोधणं, मुलांची शाळा, सगळे फॉर्म काका भरायचे. आपण फक्त सही करायची. त्यांच्यासारखा मदत करणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता, अजूनही पाहिलेला नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून तुम्ही त्यांचं चित्र काढाल आणि ते चुकेल.

माझ्यापुढेही त्यांनी फॉर्मचा गठ्ठा ठेवला होता. मी प्रत्येक पान वाचत बसले. काका हसले. “अगं समता, तुझं परमिट संपेल वाचेपर्यंत.” त्यातला एक कागद पोस्टाने मतदान करण्यासाठीचा अर्ज होता. मी म्हणाले, मला पोलिंग स्टेशनवर जाऊन मत द्यायला आवडेल. काकांनी तो कागद गठ्ठ्यातून काढला, दोनदा घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवला. “तुझी मर्जी,” ते म्हणाले.

कॉमनवेल्थमधल्या देशाचा नागरिक इथे राहत असेल तर त्याला मत असतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मी बार्शीला फोन केला तर बाबा एवढे खूश झाले की त्यांनी ते पलीकडच्या टपरीवाल्यालाही ओरडून सांगितलं. कॉलेजातली माझी मैत्रीण सुजाता तेव्हा ओहायोत होती. तिलाही फोन लावला. तिच्याकडेही त्या वर्षी राज्याची निवडणूक होती आणि ती वैतागली होती.

“गव्हर्नर निवडायचाय, अॅटर्नी जनरल निवडायचाय, खजिनदार, ऑडिटर,” ती म्हणाली. “आणि गंमत ऐक, राज्यातल्या निवडणुका ज्याच्या खात्याकडे असतात, तोही निवडणूक लढवूनच येतो. प्रत्येकाच्या घरापुढच्या हिरवळीवर प्रचाराच्या पाट्या. मी टॅक्स भरते आणि पाट्या वाचते. मत मात्र एकालाही देता येत नाही.”

मी तिला आमच्याकडचं सांगितलं. टाऊनने नुकतंच रेफरेंडम घेऊन ठरवलं होतं की यापुढे मेयर लोकांनीच थेट निवडायचा. तोच कॅबिनेट नेमणार, कुठली इमारत ठेवायची आणि कुठली विकायची हेही बरंचसं त्याच्या हातात.

“एकाच माणसाच्या?” सुजाता म्हणाली. “आमच्याकडे निदान पाच जणांत वाटलेलं असतं. तो एक कुणाच्या खिशात गेला तर?”

मी तेव्हा हसले होते.

आमच्या रस्त्याच्या टोकाला वयस्कर लोकांसाठी एक डे सेंटर होतं. लाल विटांची बसकी इमारत, आत उकडलेल्या कोबीचा वास. मंदाकाकू, म्हणजे अरविंदकाकांच्या बायको, आठवड्यातून दोनदा तिथे दुपारचं जेवण करायला जायच्या. पगार नव्हता. पर्ल नावाची एक जमेकन बाई आणि त्या मिळून स्वयंपाक करत. काकू तिला भजी शिकवत, ती काकूंना शिव्या शिकवे. घरात काकू अर्ध्या आवाजात बोलत, प्रत्येक वाक्य ‘ह्यांना विचारते’पाशी संपे. सेंटरच्या किचनमध्ये मी त्यांना मोठ्याने हसताना ऐकलं तेव्हा दुसरीच कुणी बाई आहे असं वाटून मी दारात थांबले. “माझी नोकरी आहे ही,” त्या मला म्हणायच्या. “पैसे देत नाहीत म्हणून काय झालं?”

मेयरपदासाठी उभ्या असलेल्यांपैकी एकाने आपल्या लीफलेटमध्ये लिहिलं होतं की कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, जुन्या, तोट्यातल्या इमारती विकून नवीन कम्युनिटी हब बांधणार. जुन्या इमारतींमध्ये सेंटरचं नाव होतं. तोच उमेदवार काकांच्या घरी चहाला येऊन गेला. नवीन इमारतीत मराठी मंडळाला हॉल मिळेल, गणपतीला आणि शनिवारच्या मराठी वर्गाला, असं त्याने हातात हात घेऊन सांगितलं. तो गेल्यावर काका खिडकीशी जाऊन उभे राहिले. “तीस वर्षं आपण चर्चच्या बेसमेंटमध्ये गणपती बसवला,” ते म्हणाले. “काही मागितलं नाही. आता आपल्याकडे एकगठ्ठा मतं आहेत, तर दार उघडतंय.”

काकू ट्रे घेऊन आत गेल्या. बेसिनपाशी मला हळूच म्हणाल्या, “मी ह्या माणसाला मत देणार नाही.” आणि मागे वळून दार लागलंय ना ते पाहिलं.

एप्रिलमध्ये काकूंनी चैत्रगौरीचं हळदीकुंकू केलं. साऊथॉलच्या देशी बाजारातून कैऱ्या आणल्या, डाळ वाटली, पन्हं केलं, साइडबोर्डवर पितळी झोपाळ्यात गौर बसवली. दुपारपासून बायका येऊ लागल्या. हळदीकुंकू लावायचं, भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओटी भरायची, डाळ-पन्हं द्यायचं. आणि प्रत्येक बाई ओटी घेतली की पर्समधून एक लांबट पाकीट काढून गौरीपुढच्या स्टीलच्या ताटात ठेवत होती. मला आधी वाटलं देणगी आहे. जवळ जाऊन पाहिलं तर वर कौन्सिलचा शिक्का.

“आमच्या ह्यांनी बजावलंय,” एक जाडजूड हसऱ्या बाई डाळ खाता खाता म्हणाल्या, “खाऊन ये आणि ठेवून ये. विसरलीस तर घरात घेणार नाही.”

“मग विसरा ना मुद्दाम,” दुसरी म्हणाली. “चार दिवस इथेच राहा, डाळ बरी झालीय.”

सगळ्या हसल्या. इथेच जन्मलेली टीना, कुणाची तरी सून, जीन्सवर कुंकू सांभाळत आली आणि म्हणाली, “काकू, माझी पाकीट पण तिथेच ठेवू? मी काय साइन केला ते मला माहीतच नाही.”

“ठेव गं,” त्या हसऱ्या बाई म्हणाल्या. “आम्हाला तरी कुठे माहितीय.”

मी एक पाकीट उचललं. चिकटवलेलं नव्हतं. ओळख पटवण्याच्या कागदावर बाईची सही होती, साक्षीदाराची जागा रिकामी होती, आणि आत मतपत्रिका कोरी. मेयरसाठी दोन रकाने असतात, पहिली पसंती आणि दुसरी पसंती. दोन्ही रकाने पांढरे.

तेवढ्यात काका जिन्यावरून खाली आले. माझ्या हातातलं पाकीट त्यांनी अलगद काढून घेतलं आणि ताटात ठेवलं. मग दोन्ही हातांनी ताट उचलून, नैवेद्य नेतात तसं, वरच्या बॉक्सरूममध्ये, म्हणजे अडगळीच्या छोट्या खोलीत, नेलं. वर मंडळाचे आणखी दोघे बसले होते. दार लागल्याचा आवाज आला. खाली कुणीतरी गौरीचं गाणं म्हणायला घेतलं.

काकूंना मी विचारलं, “तुमचं पाकीट?”

“मला आलं नाही. मी दरवेळी जाऊनच देते. हे गाडीने नेतात आणि कुठे खूण करायची ते सांगतात.” मग अगदी माझ्या कानाशी, “ह्या वेळी तुझ्याबरोबर येते.”

त्या घरी टपाल काका उचलत. हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं की नाही, मला माहीत नाही. काकूंच्याही आलं नाही.

पुढच्या शनिवारी मी पत्रक काढलं. दुसरं मला काय येत होतं? लायब्ररीत फोटोकॉपी केल्या, मराठी वर्गाच्या बाहेर उभी राहून वाटल्या. पहिलं वाक्य होतं: ‘बायांनो, तुमच्या नावाने कोण बोलतंय ते एकदा विचारा.’ खाली साध्या शब्दांत लिहिलं होतं की कोरी मतपत्रिका दुसऱ्याला देणं हा मोठेपणाला दिलेला मान नव्हे, तो कायद्याने गुन्हा आहे; हॉल हवा असेल तर उघड मागा; ज्या सेंटरमध्ये आपल्याच म्हाताऱ्या बायका जेवतात ते विकून मिळालेला हॉल आपल्याला हवा का, ते आधी एकमेकींना विचारा. शेवटी माझं नाव. बिननावाचं पत्रक आमच्या घरात निघत नसे.

बार्शीत पत्रकाला उत्तर म्हणून पत्रक यायचं, कधी दगड यायचा. इथे काहीच आलं नाही. आठवडाभर माझ्यासाठी कुणाचा फोन नाही. रस्त्यात भेटणाऱ्या बायका पलीकडच्या फुटपाथवर गेल्या. हसऱ्या बाईंनी दुकानात मला पाहिलं आणि कोथिंबिरीच्या जुड्या निवडत राहिल्या.

रविवारी जेवताना काकांनी घडी घातलेलं माझं पत्रक ताटाशेजारी ठेवलं. “लिहितेस चांगलं,” ते म्हणाले. “वडिलांचं वळण आहे.”

 काकू वाढत होत्या.

“तुझं परमिट पुढच्या वर्षी रिन्यू व्हायचं ना?”

“हो.”

“हं. तुझ्या कंपनीत आपली बरीच मुलं आहेत. मी काही करणार नाही हो, घाबरू नकोस. मी कुणाचं वाईट करत नाही. आमटी घे.” मग त्यांनी दुसरा एक कागद काढला. जाड काळ्या अक्षरांचं इंग्रजी लीफलेट, छापणाऱ्याचं नाव नसलेलं, ‘हे टाऊन कुणाचं?’ अशा मथळ्याचं. ते त्या दिवसांत सगळ्यांच्या लेटरबॉक्समधून पडत होतं. “हे वाचलंस? ही माणसं आपल्याबद्दल काहीतरी सापडायची वाट बघतायत. तुझं पत्रक कुणी इंग्रजीत करून त्यांच्या हातात दिलं, तर उद्या वीट कुणाच्या काचेतून येईल? तुझ्या बाबांच्या?”

याला माझ्याकडे उत्तर होतं, आजही आहे. आपण लपवतो म्हणून त्यांना सापडतं. आपल्या घरात जे होतं ते आपणच उघड्यावर धुतलं तर त्यांच्या हाती काय उरणार? हे मी बोलले. आवाज चढला माझा. काका शांतपणे जेवत राहिले. मी बोलायची थांबले तेव्हा म्हणाले, “अगं मंदा, तिला भात वाढ.”

मतदानाच्या दिवशी मी दुपारची सुट्टी घेतली. काका बाहेर होते. काकूंनी ठेवणीतली नारायणपेठ नेसली होती, वर कोट, कोटाची सगळी बटणं लावलेली. प्राथमिक शाळेच्या हॉलमध्ये पोलिंग स्टेशन होतं. लाकडी खोकी उभी केलेली, दोऱ्याला बांधलेल्या पेन्सिली, भिंतीवर मुलांनी रंगवलेले बेडूक. मला मतपत्रिका मिळाली. काकूंनी नाव सांगितलं. टेबलामागच्या बाईने यादीवर पट्टी सरकवली, थांबली आणि मान वर करून गोड आवाजात म्हणाली, “सॉरी लव्ह. तुमच्या नावापुढे पोस्टल व्होटची खूण आहे. तुम्हाला इथे देता येणार नाही.”

काकू हसल्या. त्यांना वाटलं बाईंची चूक झालीय. त्यांनी नाव पुन्हा सांगितलं, अक्षरं सुटी करून. मग पत्ता. मग नवऱ्याचं नाव. मागे रांग थांबली होती. बाई यादी काकूंकडे वळवून दाखवू लागली आणि काकूंचं बोट आपल्या नावापाशी गेलं, पुढच्या छोट्या अक्षरावर थांबलं, तिथेच राहिलं.

बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, “सह्या घेतल्या होत्या माझ्या. पेन्शनचे कागद आहेत म्हणाले.” मग, “आता कुठे विचारायचं असतं? तू लिहिलं होतंस ना, विचारा म्हणून?”

आम्ही टाऊन हॉलमध्ये गेलो. इलेक्शन ऑफिसमधला तरुण अधिकारी आत जाऊन बराच वेळ शोधून आला. म्हणाला, तुमचा पोस्टल व्होट परत आलेला आहे. तुमची सही आहे, साक्षीदाराची सही आहे. मग त्याने समोर बसून, एकेक शब्द सावकाश उच्चारत विचारलं, “मॅडम, ती मतपत्रिका तुम्ही भरली नाहीत असं तुमचं म्हणणं आहे का? तसं असेल तर हा गुन्हा आहे. मला पोलिसांना कळवावं लागेल. तेव्हा नीट आठवून सांगा. कुणी भरली?”

काकूंच्या मांडीवर पर्स होती. तिची क्लिप त्या उघडत होत्या आणि लावत होत्या. मी तोंड उघडलं तर त्यांनी माझं मनगट धरलं. एवढी ताकद त्यांच्या हातात असेल असं मला वाटलं नव्हतं.

“मीच भरली,” त्या इंग्रजीत म्हणाल्या. “विसरले होते. म्हातारी झाले ना. सॉरी फॉर द ट्रबल.”

ज्याला मत द्यायचं नाही असं त्यांनी बेसिनपाशी कुजबुजून सांगितलं होतं, त्याच्या नावावर त्यांचं मत गेलं होतं, आणि आता ते त्यांनी स्वतःच्या तोंडाने आपलं म्हणून सांगितलं. आम्ही घरी आलो. दारात किल्ली काढताना म्हणाल्या, “तुरुंगात घालतात गं ह्याच्यासाठी. त्यांना पथ्याचं कोण देईल तिथे?”

मी माझ्यापुरती लेखी तक्रार केली. जे डोळ्यांनी पाहिलं, तेवढंच. एक पोलीस अधिकारी दोन-तीन घरी जाऊन आला. सगळीकडे त्याला चहा मिळाला. कुठल्याच बाईची तक्रार नव्हती. तो उमेदवार मेयर झाला. पुढच्याच आठवड्यात बिननावाचं नवं लीफलेट पडलं, ‘त्यांनी तुमची निवडणूक चोरली’ म्हणून. आणि एका सकाळी मराठी वर्गाच्या दारावर काळ्या रंगाने काहीतरी लिहिलेलं सापडलं, ते मुलं यायच्या आत पुसायला काका स्वतः बादली घेऊन गेले. मी मदतीला गेले तर त्यांनी मला दुसरा ब्रश दिला. आम्ही शेजारी शेजारी घासत होतो. “बघितलंस?” एवढंच ते म्हणाले. मी म्हणाले, “काका, तुम्ही बघितलंत का?” मग पुन्हा घासण्याचाच आवाज.

महिनाअखेर मी ते घर सोडलं. माझी सगळ्यांत जड बॅग काकांनी उचलली, नको नको म्हणताना स्टेशनपर्यंत आणली, गाडी हलेपर्यंत प्लॅटफॉर्मवर उभे राहिले. हात हलवला नाही. फक्त बघत राहिले. मला अजून कधीकधी वाटतं की ते मला पोचवायला आले नव्हते, मी खरंच गेले याची खात्री करायला आले होते. आणि मग वाटतं, दोन्ही असेल.

मी ईलिंगला आले. मेडनहेडला नोकरी मिळाली, परमिट रिन्यू झालं. कुणी आड आलं नाही. ती नुसती एका वाक्याची धमकी होती, पण वर्षभर लेटरबॉक्सचा आवाज झाला की परमिटबद्दलचं पत्र तर नाही ना, ते मी आधी बघे. डे सेंटर विकलं गेलं. तिथे फ्लॅट झाले. पर्ल तिच्या मुलीकडे दुसऱ्या शहरात गेली. मंडळाला हॉल मिळाला, खरोखर मिळाला, आणि पहिल्या गणपतीला मेयर फेटा बांधून आरतीला उभा होता असं टीनाने मला ईमेलवर फोटोसकट कळवलं. फोटोत काकू मागे प्रसादाच्या ताटापाशी आहेत. कॅमेऱ्याकडे बघत नाहीयेत.

या सगळ्याला चार वर्षं झाली. सुजाता अजून ओहायोतच आहे, ग्रीन कार्डच्या रांगेत. यंदा तिथे पुन्हा गव्हर्नरपासून ऑडिटरपर्यंत सगळ्यांची निवडणूक आहे आणि ती पुन्हा पाट्या वाचतेय. “तुझ्याकडे मत होतं, काय उपयोग झाला?” असं ती मला विचारते. मला राग येतो. सुजाता, उपयोग नसता तर कुणी एवढ्या काळजीने ते गोळा केलं असतं का?

गेल्या ऑक्टोबरात मतदारयादीचा फॉर्म माझ्या फ्लॅटवर आला, त्याच आठवड्यात काकूंचा फोन आला.

“समे, तुझ्या पत्त्यावर माझं नाव घालता येईल का गं? मतदारांच्या यादीत?”

मी नियम सांगितला. “काकू, जो तिथे राहतो त्याचंच नाव घालता येतं. नाहीतर तीही फसवणूकच.”

मागे टीव्हीवर बातम्या चालू होत्या. मग त्या हळूच म्हणाल्या, “बरं. मग राहायला येते.”

ईलिंग ब्रॉडवे स्टेशनवर त्या उतरल्या तेव्हा हातात एकच बॅग होती. काकांना सांगितलंत का, विचारलं. “सांगितलं. म्हणाले, जाऊन ये.” पासष्टीच्या बाईला मी सोफाबेड उघडून दिला. त्यांना समजावलं की इथे नाव घातलं तर तिथल्या मेयरला मत देता येणार नाही. तो यंदा परत उभा आहे, त्याला पाडायची संधी जाईल.

“एका मताने कोण पडतं?” काकू म्हणाल्या. “सेंटर तर गेलंच. मला एकदा ती पेन्सिल धरायचीय. शेजारी कुणी नसताना.”

तेव्हापासून काकांचा रोज संध्याकाळी फोन येतो. ते काकूंना बोलावत नाहीत. माझ्याशी बोलतात. जेवली का ती, बी.पी.ची गोळी घेते का, तुमच्याकडे हीटिंग नीट आहे ना. कधीच आवाज चढत नाही. काकू खोलीतच असतात, भाजी निवडत, मान खाली.

परवा ते म्हणाले, “तिचं पोस्टल व्होटचं पाकीट आलंय हो इकडे. तिचं नाव इथल्या फॉर्मवरून मी काढलं नाही. घर तिचंच आहे ना. तिला सांग, काळजी करू नको म्हणावं. इकडचं मी बघतो.”

मी फोनवर हात ठेवला आणि जे ऐकलं ते जसंच्या तसं काकूंना सांगितलं. त्या उठल्या. पदराला हात पुसले आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा तो फोन स्वतःच्या कानाला लावला.

“अहो,” त्या म्हणाल्या, “ते पाकीट फोडू नका. ह्या वेळी मला कुणी विचारलं, तर मी खरं सांगेन.”

 पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला नाही. काकूंनी पलीकडचा श्वास ऐकला आणि मग त्यांनीच फोन ठेवला. भाजीचं ताट पुन्हा मांडीवर घेतलं आणि उरलेली भाजी निवडून संपवली.

मतदानाला अजून काही दिवस आहेत. ते पाकीट त्या बॉक्सरूममध्ये बंद आहे की फोडलेलं, आम्हाला माहीत नाही. कालपासून फोन आलेला नाही, आणि तो न येणं आम्हा दोघींना जास्त ऐकू येतंय. आई विचारते, तिकडे घर घेतलंस का. नाही घेतलं. भाड्याच्या दोन खोल्या आहेत, कडी आम्ही आता आतून लावतो. पण घर म्हणजे काय ते मला आता एवढंच कळतं: जिथे एखाद्या बाईला ‘नाही’ म्हणता येतं, आणि म्हटल्यावर रात्री तिथेच झोपता येतं. काकू काल रात्री इथे झोपल्या. उशिरा, पण झोपल्या.